विसण

सासूबाईंना मी दोनदा सांगितलं, "आत्याबाई, तिथं पाणी उडंल, आत पाटावर बसा." पण त्या न्हाणीच्या उंबऱ्यावरून हलायला तयार नव्हत्या. सकाळच्या एसटीनं त्या इचलकरंजीहून तासगावला आल्या होत्या, डिंकाचे लाडू घेऊन आणि डोळ्यांत तेल घालून. नातीची अंघोळ पाहिल्याशिवाय चहासुद्धा घेणार नाही म्हणाल्या.

रेवती त्या दिवशी एकोणीस दिवसांची होती. पहिलं बाळंतपण म्हणून मी माहेरी आले होते, आणि माझं माहेर म्हणजे फक्त आई. तिचं नाव अनसाबाई कोरे. बाप मी दोन वर्षांची असताना गेला, तेव्हापासून आई बाळ-बाळंतिणींना न्हाऊ घालायचं काम करत होती. अर्ध्या तासगावाच्या टाळूवर माझ्या आईनं तेल थापलंय. बाजारात तिच्याबरोबर निघालं की दहा पावलांवर कुणीतरी मिशा फुटलेला पोरगा तिच्या पाया पडायचा, आणि ती त्याला सगळ्यांसमोर विचारायची, "आता रडतोस का रं अंगूळ करताना?"

तिच्या हाताला आच लागत नाही, अशी गावात ख्याती होती. न्हाणं झालं की बाळाला ओवा-वावडिंगाची धुरी द्यायची असते. त्यासाठी आई चुलीतला रसरशीत निखारा दोन बोटांत उचलून धुपाटण्यात ठेवायची. चिमटा बाजूला पडलेला असायचा. बायका तोंडावर पदर घेऊन बघत राहायच्या. कुणी विचारलंच तर म्हणायची, "बावीस वर्सं कढत पाण्यात घातल्यात, शिजून निबर झाल्यात." ही गंमत गेल्या दोन-तीन वर्षांतली आहे, त्याआधी ती चिमटाच वापरायची, हे तेव्हा कुणाच्या ध्यानात आलं नाही. माझ्याही नाही. मला तर त्या निखाऱ्याचा अभिमान होता. सासरी मी तो दहा वेळा वर्णन करून सांगितला होता.

आईची एक रीत होती. आधी बाळंतीण, मग बाळ. बाळंतिणीच्या अंघोळीनं न्हाणी वाफेनं उबदार होते, मग बाळाला गारठा लागत नाही. बंबातलं पाणी तांब्याच्या घंगाळात काढायचं आणि बाळंतिणीच्या पाठीवर चांगलं कढत ओतायचं. माझी अंघोळ झाली की उरलेल्या पाण्यात ती बाळासाठी विसण घालायची. विसण म्हणजे कढत पाणी अंगाला सोसेल असं करायला त्यात घातलेलं गार पाणी. मनगटापर्यंत हात घंगाळात बुडवायची, डोळे मिटायची आणि म्हणायची, "हं." त्या 'हं'नंतर घरात कुणी काही बोलत नसे. मग ती बाळाला आणायला माजघरात जायची, आणि मी अंग पुसत घटकाभर न्हाणीत एकटीच असायची.

त्या दिवशी विहीणबाई बघायला बसल्या म्हणून आईला आणखीच चेव आला होता. बंबात तिनं दोन लाकडं जास्त सारली होती. पहिला तांब्या माझ्या पाठीवर पडला तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. मी दात आवळून गप्प बसले. सासूबाई खूश होऊन म्हणाल्या, असंच पाणी पाहिजे, त्यांच्याकडच्या बायका कोमट पाण्यावर भागवतात आणि मग बाळंतिणी जन्मभर कंबर धरून बसतात. आईनं माझ्याकडं असं बघितलं की जणू तिला साडीचोळीचा आहेर झाला होता.

माझी अंघोळ संपली. आईनं विसण घातलं, हात बुडवला, "हं" म्हणाली आणि बाळाला आणायला गेली. मी पातळ गुंडाळून कोपऱ्यात उभी राहिले. सासूबाई उंबऱ्यावर होत्याच.

आई आली, पाटावर बसली, पातळ गुडघ्यापर्यंत घेऊन पाय लांब केले आणि रेवतीला नडग्यांवर निजवलं. रेवती मुठी चोखत होती. आई पहिला तांब्या नेहमी बाळाच्या पायांवर ओतायची, एकदम छातीवर पाणी पडलं की बाळ दचकतं म्हणून. तिनं तांब्या भरला आणि ओतला.

दोन किंकाळ्या एकदमच उठल्या. एक माझ्या लेकीची. दुसरी आईची.

"माजं पाय," आई ओरडली, "पाय भाजलं माजं."

मी धावले, पोरीला उचललं, हौदावर नेलं आणि तिच्या पायांवर गार पाणी ओतायला लागले. तिची कातडी बघता बघता लाल झाली. ती रडायचीही थांबली, नुसतं तोंड उघडं, श्वास अडकलेला, ओठ निळे. मग श्वास आला आणि जो आवाज आला तो मी अजून विसरलेले नाही. मी मागं वळून पाहिलं. आई पाटावरून उठली नव्हती. तिच्या नडग्यांवर टरारून फोड येत होते, आणि तिनं उजवा हात पुन्हा घंगाळात घातला होता, कोपरापर्यंत. तिथंच ठेवला होता. ती त्या हाताकडं बघत होती.

"हात म्हनतोय कोमट हाय," ती म्हणाली. कुणाला म्हणाली, देव जाणे.

मला तिची कीव आली नाही, राग आला. पोर मरायला लागलीय आणि ही पाण्यात हात घालून बसलीय. मी तिला काहीतरी फार वाईट बोलले. काय बोलले ते आठवत नाही असं मी लोकांना सांगते.

रिक्षानं आम्ही डॉक्टर मगदुमांच्या दवाखान्यात गेलो. त्यांनी रेवतीचे पाय साफ केले, मलमपट्टी केली. दोन्ही पावलं वरवर भाजली होती, डावी मांडी जास्त. जिवाला धोका नाही, म्हणाले, पण मांडीवर डाग राहील. तो आहे. आज सव्वीस वर्षांच्या रेवतीच्या मांडीवर विड्याच्या पानाएवढा आहे.

मग ते आईच्या नडग्यांकडं वळले. पट्टी बांधताना आई कळवळत होती, आणि डॉक्टर तिच्या नडग्यांकडं न बघता हातांकडं बघत होते. बोटांच्या टोकांना जुन्या भाजण्याचे वण होते, एकावर एक. अंगठा आणि तर्जनीच्या मधला मांसल उंचवटा बसून गेला होता, तिथं खळगा पडला होता. डॉक्टरांनी विचारलं, हे कधी भाजलं? आई म्हणाली, आठवत नाही. हे? तेही नाही.

त्यांनी तिला डोळे मिटायला सांगितले. कापसाचा बोळा बोटाला लावला की आई लगेच सांगायची, लागला. एकदाही चुकली नाही. मग त्यांनी दोन पेले आणले, एकात माठातलं पाणी, एकात सुया उकळायच्या भांड्यातलं. दोन्ही तिच्या हाताला टेकवले आणि विचारलं, गरम कुठला? आई विचार करत राहिली. परीक्षेला बसलेल्या पोरीसारखी तिनं कपाळाला आठ्या घातल्या. शेवटी म्हणाली, "दोनी सारखंच की."

मग डॉक्टरांनी काही न बोलता सुई घेतली आणि तिच्या करंगळीत टोचली. रक्ताचा थेंब आला.

"आता काय लावलं, अनसाबाई?"

"कापूस," आई म्हणाली.

आई डोळे मिटून शांत बसली होती, आणि तिच्या बोटावरून रक्त ओघळून तळव्यात उतरत होतं.

सासूबाई एक पाऊल मागं सरल्या. त्यांनी पदर नाकाला लावला आणि एकच शब्द उच्चारला, "महारोग." माझ्याकडून रेवतीला त्यांनी अक्षरशः काढून घेतलं. आईनं डोळे उघडले. तिनं तो शब्द ऐकला होता.

डॉक्टर त्यांच्यावर तापले. अंगावर कुठंही चट्टा नाही, नसा जाड झालेल्या नाहीत, आणि त्या रोगात स्पर्शही जातो, इथं स्पर्श शाबूत आहे, म्हणाले. शिवाय तो रोग असता तरी आता तो औषधानं बरा होतो, नाकाला पदर लावून नाही. मग त्यांनी आईला विचारलं, मान दुखते का? दुखते. खोकला आला की डोक्यात मागं कळ येते का? आई चकित होऊन म्हणाली, तुम्हाला कसं कळलं? चोळीचे हूक लावायला त्रास होतो का? होतो, वर्ष झालं. डॉक्टरांनी मिरजेच्या मोठ्या डॉक्टरांच्या नावानं चिठ्ठी दिली.

घरी आल्यावर सासूबाईंनी जाहीर केलं की आजपासून बाळाला अनसाबाईंचा हात लागायचा नाही. दुसऱ्या दिवशी माझे मालक, संपत, आम्हाला न्यायला आले. तेही आईशी हुं का चूं बोलले नाहीत. आई कोपऱ्यात पाय लांब करून बसली होती. जो येईल त्याला एकच सांगत होती, "म्या भाजलं पोरीला. माज्या हातानं भाजलं." मी ते ऐकत होते आणि गप्प होते. निघताना मी तिच्या पाया पडले नाही. तिच्या पट्ट्यांकडं मला बघवत नव्हतं, हे खरं कारण होतं. पण तिला वाटलं असणार की मी रागावले.

पुढच्या पंधरा दिवसांत आईचे फोटो निघाले, साधे नव्हे, त्या बोगद्यात घालून काढतात ते. निकाल सांगायला मिरजेच्या डॉक्टरांनी घरच्यांना बोलावलं. मी हट्टानं गेले. पोर अंगावर पिणारी, म्हणून ती बरोबर; आणि पोर बरोबर म्हणून सासूबाईही बरोबर. अशा आम्ही तीन बायका आणि एक तान्हं बाळ त्या खोलीत बसलो.

डॉक्टर म्हातारे होते, सावकाश बोलणारे. त्यांनी काचेवर तो काळा फोटो लावला. आईच्या कण्यातल्या मज्जारज्जूत, मानेपासून पाठीपर्यंत, एक लांबट पोकळी झाली होती आणि तिच्यात पाणी भरलं होतं. आतून पोकळ पडलेला ऊस असतो ना, तसं, म्हणाले. बाहेरून कांडं धड दिसतं. हातांकडून गरम-गार आणि दुखणं कळवणारे धागे मधोमध एकमेकांना ओलांडतात, पोकळी आधी तेच तोडते. स्पर्शाचे धागे बाजूनं जातात, ते वाचतात. पायांचे अजून ठीक आहेत. रोगाचं नाव सिरिंगोमायेलिया. फार क्वचित होतो. ऑपरेशननं तो पुढं वाढायचा थांबेल बहुतेक, पण हातांचं गेलेलं परत येईल असं त्यांनी सांगितलं नाही. मी विचारलंही नाही.

"कदीपासनं आसंल हे?" आईनं विचारलं.

दोन-तीन वर्षं तरी, डॉक्टर म्हणाले.

आई बोटं मोजत नव्हती, नुसती ओठ हलवत होती. मग म्हणाली, "तीन वर्सांत साटेक बाळं न्हाऊ घातली म्या. रोज. ह्याच हातानं पानी बगून." ती डॉक्टरांकडं वळली. "मग एकालाबी का न्हाई भाजलं?"

सासूबाई म्हणाल्या, देवाची कृपा. इतके दिवस मी मनात दाबलेलं तेव्हा बाहेर आलं.

"आई," मी म्हणाले, "रोज तू बाळाला आनायला आत गेलीस की मी घंगाळात हात घालून बगायची. पानी कढत असायचं. मी दोन तांबे गार पानी वतायची. अठरा दिवस."

रेवतीनं उचकी दिली.

"मला का न्हाई सांगितलंस?" आईनं विचारलं.

मला काय सांगता येणार होतं? बावीस वर्षं जिनं गावाची पोरं न्हाऊ घातली, तिला एकोणीस दिवसांची आई सांगणार, पाणी चुकतंय तुझं? मला वाटलं, आपलीच कातडी सासरी जाऊन मऊ झाली असेल. आणि नाही तर काय, दोन तांब्यांचा तर प्रश्न होता. आईचा मानही राहत होता आणि पोरीची अंघोळही होत होती.

"मग त्या दिवशी का न्हाई घातलंस?" हे सासूबाईंनी विचारलं. आवाज चढलेला होता.

मी त्यांच्याकडं पाहिलं.

"तुमी उंबऱ्यावर बसला होता, आत्याबाई. तुमच्यादेखत आईचं पानी कसं सुधारू?"

मी एवढंच बोलले. सगळं मात्र त्या दिवशी बोलले नाही, ते आज लिहिते. मला ठाऊक होतं. माझी पाठ त्या पाण्यानं जळत होती. आई पाटावर बसली, तिनं तांब्या भरला, तोवर मला बोलायला वेळ होता. चांगला पाच-सहा श्वासांचा वेळ होता. सासूबाई आईला काय म्हणतील, एवढाच विचार मी त्या वेळात केला. आणि तांब्या रिकामा झाला.

परतीच्या वाटेवर सासूबाई खिडकीतून बाहेर बघत राहिल्या. पोर त्यांच्या मांडीवर होती. मधेच त्यांनी तिच्या पट्टीवर अलगद हात ठेवला.

आईनं मात्र तासगावात उतरल्या उतरल्या एक गोष्ट केली. पायाच्या पट्ट्या तशाच ठेवून ती घरोघर गेली. गेल्या तीन वर्षांत जिथं जिथं न्हाऊ घातलं त्या प्रत्येक घरी. दारातच विचारायची, "माज्या पान्यात तुमी गार पानी घालत हुता का? खरं सांगा." बायका आधी नाही म्हणायच्या, मग मान खाली घालायच्या. कुणी एक तांब्या घालत होती, कुणी दोन. सोनाराच्या सुनेनं तर घंगाळामागं गार पाण्याची कळशीच लपवून ठेवली होती. पेठेतल्या एका म्हाताऱ्या सासूनं हसून सांगितलं की नव्या सुनेला त्या आधीच बजावून ठेवतात, अनसाबाईंचं पाणी जरा जहाल असतं, त्यांची पाठ वळली की विसण घाल. आणि पुढं म्हणाल्या, "तुमाला कोन सांगनार, अनसाबाई?"

मला हे तिनं महिन्यानं सांगितलं, ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, दवाखान्यातल्या खाटेवर. रोगाचं नाव ऐकताना ती रडली नव्हती. तेव्हा रडली.

"साऱ्या गावानं मला सांबाळून घेतलं," ती म्हणाली, "आन् एकीनंबी मला सांगितलं न्हाई. तूबी न्हाई."

ऑपरेशन नीट झालं. रोग तिथंच थांबला. मानेचं दुखणं गेलं. हात तसेच राहिले. घरातला चिमटा तिनं पुन्हा काढला, तव्यापाशी कापडाची जाड चुंबळ ठेवली, आणि बाळंतिणीकडून निरोप आला, तर "मला आता जमत न्हाई" म्हणून माघारी धाडायला लागली. रेवतीला पाहायला ती इचलकरंजीला दोनदा आली, दोन्ही वेळा हात पदरात गुंडाळून बसली. पोर तिच्याकडं झेपावायची. आई तिच्याशी तोंडानं बोलायची, खुळखुळा जमिनीवर ठेवून पायानं हलवायची, पण तिला उचलायची नाही. सासूबाई हे बघत असायच्या.

रेवतीला सहावा महिना लागला तेव्हा एका सकाळी सासूबाई मला म्हणाल्या, चल, तासगावला जाऊन येऊ. का ते सांगितलं नाही. पोहोचल्यावर त्यांनी स्वतः बंब पेटवला. आई नको नको म्हणत होती. सासूबाई म्हणाल्या, "विहीनबाई, कोमट पान्यानं पोरीचं अंग दुकतंय. बसा पाटावर." हे साफ खोटं होतं. पोर ठणठणीत होती.

आई पाटावर बसली. पातळ गुडघ्यापर्यंत घेतलं. तिच्या नडग्यांवरची नवी कातडी चकाकत होती. सासूबाई उंबऱ्यावर बसल्या, त्याच जागी. मी रेवतीला घेऊन कोपऱ्यात उभी राहिले, त्याच कोपऱ्यात.

आईनं विसण घातलं. सवयीनं तिचा हात घंगाळाकडं गेला, पाण्याजवळ थांबला आणि मागं आला. मग तिनं तांब्या भरला आणि स्वतःच्या पावलांवर ओतला.

"मला पानी बरं वाटतंय," ती म्हणाली. "तू बग, शालन."

मी रेवतीला कडेवर घेऊन वाकले आणि घंगाळात हात घातला. पाणी तितकंसं कढत नव्हतं. पोरीला चाललंही असतं कदाचित. आईच्या तोंडावर कितीतरी दिवसांनी ती जुनी कळा आली होती, आणि सासूबाई उंबऱ्यावरून माझ्याकडं बघत होत्या. पुन्हा ते पाच-सहा श्वास.

"कढत हाय, आई," मी म्हणाले.

आईनं मान वर करून पाहिलं. मग सासूबाई गुडघ्यावर हात टेकून उठल्या, हौदातून तांब्याभर गार पाणी घेतलं आणि घंगाळात ओतलं.

"आता?" त्यांनी विचारलं.

मी पुन्हा हात घातला.

"आनखी एक," मी म्हणाले.